चौथा प्रकार

ज्वालामुखी तीन प्रकारचे असतात : जागृत, निद्रिस्त आणि मृत. वीस वर्षं झाली, मी हेच शिकवतो. फळ्यावर तीन रकाने आखायचे, एकेकात दोन-दोन नावं लिहायची आणि मग खडू खाली ठेवून पोरांना विचारायचं, आता सांगा, आपण बसलोय कशावर? कोणी म्हणतं बाकावर, कोणी म्हणतं शाळेत. मग मी पायानं फरशी ठोकतो आणि सांगतो, लेकांनो, आपण बसलोय लाव्ह्यावर. हा जोतिबाचा डोंगर, तो पन्हाळा, अंबाबाईच्या देवळाचा काळा दगड, सगळं एकेकाळी रसरसत वाहत आलं आणि थिजलं. पोरं डोळे मोठे करतात. तेवढ्यात मी म्हणतो, भिऊ नका, हा मृत. कोट्यवधी वर्षांपूर्वी गार झाला. पोरं हसतात, घंटा होते. त्या दिवशी, एक्कावन्न सालच्या जानेवारीच्या अखेरीस, नववीच्या वर्गात सगळं असंच झालं. मी हात झटकत शिक्षकांच्या खोलीत आलो तर बाबासो मगदूम पेपर उघडून बसला होता. बाबासो इतिहास शिकवतो. कागलच्या जैनांचा, मोठ्या आवाजाचा, मनात येईल ते त्याच क्षणी बोलून टाकणारा. त्यानं पेपर माझ्याकडे सरकवला आणि म्हणाला, घे, तुझ्या सोयऱ्यांची बातमी आलीय. न्यू गिनी बेटावर लॅमिंग्टन नावाचा डोंगर फुटला होता. रविवारी सकाळी. हजारो माणसं गेली होती. मी चहाची बशी तोंडाला लावून निवांत वाचत होतो, कारण ज्वालामुखीत माणसं मरतात ही माझ्यासाठी काही नवी गोष्ट नव्हे. पण खाली एक ओळ होती. हा डोंगर ज्वालामुखी आहे हे तिथं कोणालाच ठाऊक नव्हतं. झाडीनं भरलेला, हिरवागार, घरादारांच्या मागं उभा असलेला डोंगर तो. माझा हात हलला आणि चहा धोतरावर सांडला.

एवढंच झालं. बाबासोनं विचारलं, भाजलं काय रे? मी म्हटलं, नाही. पण पुढचा तास मी कसा घेतला ते मला आठवत नाही. जागृत नाही, निद्रिस्त नाही, मृत नाही. ज्याचं नावच आपल्या रकान्यांत नाही असा चौथा प्रकार असतो म्हणे, आणि मला ते वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी पेपरातून कळावं. शाळा सुटल्यावर धोतरावरचा डाग छत्रीनं झाकत मी मंगळवार पेठेतून घरी निघालो. रस्त्यात नेहमीची माणसं, नेहमीचं विचारणं. काय मास्तर, सुटली व्हय शाळा? सुटली, सुटली. विचारणाऱ्याच्या तोंडाकडे मी बघत होतो. तीन वर्षं मी ह्या पेठेतल्या प्रत्येक माणसाला रकान्यात घालून ठेवलेलं होतं. गांधीजींचा खून झाला, खुनी ब्राह्मण निघाला, आणि दुसऱ्या दिवशी गावातली ब्राह्मणांची घरं पेटली. त्यात माझं पेटलं. त्या दिवशी जे आले ते एका रकान्यात, जे दारात उभं राहून बघत होते ते दुसऱ्यात, आणि ज्यांनी दारं लावून घेतली ते तिसऱ्यात. हे रकाने मी कोणाला दाखवलेले नाहीत, बायकोला, विमलालासुद्धा नाही. पण त्यांच्या जोरावरच मी ह्या रस्त्यानं रोज जा-ये करू शकत होतो. कोणाकडे बघून हसायचं, कोणाकडे कानाडोळा करायचा, सगळं ठरलेलं. फक्त एक माणूस कुठल्याच रकान्यात बसत नव्हता, आणि तो नेमका माझ्या भिंतीला भिंत लावून राहत होता.

कृष्णात. आमच्या आणि त्याच्या घरामधली भिंत एकच. तिच्या पलीकडं त्याचा गोठा, सहा म्हशी. पहाटे तो म्हशीला हाक मारतो ती मला उशाशी ऐकू येते. लहानपणी आम्ही एका तालमीत जात होतो. मी आपला नावाला, तो खरोखरचा. तेव्हा तो मला नरसू म्हणायचा. मी शाळेत लागलो आणि पहिल्या दिवशी कोट घालून बाहेर पडलो तसा त्यानं मला मास्तर केलं, अहो-जाहो करायला लागला. मी त्याला थट्टेनं म्हटलंही होतं की हे कसलं रे, तर म्हणाला, कोटाला मान द्यायला नको व्हय? त्या दिवशी, घर पेटलं तेव्हा, बाबासोनं मला, विमलाला आणि आमच्या पोरीला अगोदरच त्याच्या घरी नेलं होतं. पण मला तिथं चैन पडेना. मी गल्लीच्या तोंडापर्यंत परत आलो आणि एका बोळात उभा राहून बघत राहिलो. गर्दी होती. बरेचसे चेहरे अनोळखी, कुठल्या बाजूनं आले होते देव जाणे. छप्पर पेटलं होतं. आणि धुरातून कृष्णात पळत आला. त्याच्या हातात रॉकेलचा डबा होता. आता, कोल्हापुरात रॉकेलच्या डब्यातून रॉकेल कोण नेतं? रिकामा डबा घेऊन, वर लाकडी दांडी ठोकून, लोक त्यातून पाणीच भरतात. म्हशींना पाणी पाजायला कृष्णाताकडं असले चार डबे होते, मी रोज बघत होतो. हे सगळं मला माहीत आहे. पण रॉकेलच्या डब्यातून रॉकेलही नेता येतं. तो धुरात शिरला, दिसेनासा झाला, आणि पुढच्या घटकेत माझं छप्पर खाली आलं. त्या डब्यात काय होतं हे मी त्याला विचारलं नाही. तो माझ्या दारात दूध घालतो आहे आणि तीन वर्षं मी विचारलेलं नाही.

घरी आलो तर विमला धोतर बघून हसली. मग माझं तोंड बघून हसायची थांबली. मी तिला पेपरातली बातमी सांगितली. तिनं ती नीट ऐकून घेतली आणि अरेरे म्हणाली. मग म्हणाली, "अहो, नंदूची परीक्षा मार्चात संपते. एप्रिलात आणू या तिला." नंदिनी आमची एकुलती एक. घर पेटलं तेव्हा नऊ वर्षांची होती. नंतर ती झोपेतून किंचाळत उठायला लागली म्हणून तिला पुण्याला मामाकडे, यज्ञेश्वराकडे ठेवली. पुण्यात त्या दिवसांत काही कमी झालं नव्हतं, पण यज्ञेश्वराचं घर वाचलं होतं. वर्षभर ठेवू म्हणालो होतो. वर्ष झालं तेव्हा घर पुरतं बांधून व्हायचं होतं. ते बांधून झालं तेव्हा मी म्हणालो, भिंती ओल्या आहेत. भिंती वाळल्या तेव्हा म्हणालो, मधेच शाळा बदलायला नको. पोर बारा वर्षांची झाली आणि पत्रातून मला 'आपण' म्हणायला लागली. विमला त्या दिवशी भांडली नाही. भांडली असती तर बरं झालं असतं. ती शांतपणे म्हणाली, "यज्ञाच्या घरी तिची अडचण होतेय असं कोणी म्हणत नाही. पण मला पोर इथं पाहिजे. तुम्ही नाही म्हणालात तर मी तिच्याकडे जाऊन राहीन. तुम्ही राहा मग भिंतींबरोबर." मी म्हटलं, बघू. ती म्हणाली, बघू नाही, सांगा. आणि चुलीकडे गेली.

मी ओसरीवर बसून राहिलो. नवी फरशी, शहाबादी. खाली पाय टेकले की तळपायाला ऊब लागते असं मला काही दिवसांपासून वाटत होतं. विमलाला वाटत नाही, बाबासोला चपला काढून उभं केलं तर त्यालाही वाटलं नाही. मी हाताचा तळवा टेकून बघितला. दिवसभराचं ऊन, दुसरं काय. पण ह्याच जागेवर आम्ही आगीनंतर आठव्या दिवशी राखेत उभे होतो. मी शाळेत व्हेसुव्हिअसच्या राखेत गाडल्या गेलेल्या पॉम्पेची गोष्ट सांगतो, की भट्टीतले पाव तसेच्या तसे सापडले, कोळसा झालेले, वर कापल्याच्या खुणा शाबूत. पोरांना ती फार आवडते. घर पेटलं त्या दिवशी आमच्या चुलीवर दुपारचा भात होता. विमलानं राखेतून पातेलं वर काढलं तेव्हा आत भाताचा काळा गोळा होता आणि त्यावर शितं ओळखू येत होती. लोणच्याची बरणी मात्र धड होती. ती बरणी पोटाशी धरून विमला रडली. नंतर गल्लीतल्या बायका सुपं घेऊन आल्या. मला वाटलं, आमचं काही राहिलं असेल ते शोधायला मदत करताहेत. त्या राख न्यायला आल्या होत्या. लाकडाची, सागवानाची चांगली बारीक राख, भांडी घासायला. तानाबाई, कृष्णाताची बायको, तीही घेऊन गेली. कित्येक दिवस ती नळावर बसून आमच्या घरानं तिची भांडी घासत होती आणि पितळ लखलखत होतं. त्यात तिचं वाकडं काही नव्हतं. राख रस्त्यात पडलेली, वाऱ्यानं उडून चाललेली. कोणीही नेली असती. विमलानं एक वर्ष तानाबाईशी बोलणं टाकलं. मग एक दिवस तीच म्हणाली, जाऊ दे, राखच ती, आणि दूध पुन्हा सुरू केलं. तिचं असं मिटतं. माझं मिटत नाही.

फेब्रुवारी गेला. मी लॅमिंग्टनच्या बातम्या शोधून शोधून वाचत होतो. फुटायच्या आधी काही दिवस धूर दिसत होता, जमीन हादरत होती, डोंगराच्या कडा सुटून खाली येत होत्या. लोकांनी बघितलं. सरकारी माणसानंही बघितलं आणि घाबरण्यासारखं काही नाही म्हणाला. मग तोही गेला.  बाबासो म्हणाला, तू ह्या पेपराचा नाद सोड, दुसऱ्या पानावर कुस्त्यांचं असतं ते वाच. पण मला चांगलं काम लावायचं त्याच्या मनात आलं असावं. त्यानं पेठेतल्या वाचनालयात माझं व्याख्यान ठरवून टाकलं : ज्वालामुखी आणि इतिहास. मला न विचारता. मी चिडलो. तो म्हणाला, अरे, तू रोज मला एकट्याला पिडतोस, गावाला पीड. खरं होतं ते. तंबोऱ्याच्या नादानं मी त्याला वर्षानुवर्षं पिडलं आहे. जाव्याच्या पलीकडं तंबोरा नावाचा डोंगर अठराशे पंधरात फुटला. त्याची धूळ आभाळात चढली, पुढच्या वर्षी विलायतेत उन्हाळा आलाच नाही, अमेरिकेत जूनमध्ये बर्फ पडलं, पिकं गेली, भाकरीसाठी दंगे झाले. इथपर्यंत पुस्तकात आहे. पुढचं माझं अनुमान. त्याच सुमाराला बंगालात पाऊसपाणी बिघडलं आणि अठराशे सतरात तिथून पटकीची, कॉलऱ्याची साथ उठली. इंग्रजांच्या छावणीत माणसं रांगेत चालता चालता पडली. पुढच्या वर्षी ती दक्षिणेत उतरली, आणि त्याच वर्षी पेशवाई बुडाली. मी एवढंच म्हणतो की त्या धुळीखाली हे सगळं घडत होतं आणि धुळीचं नाव कोणी घेत नाही. बाबासो टेबलावर हात आपटून म्हणतो, म्हणजे बाजीराव पळाला तो खोकला लागला म्हणून काय? असा आमचा संवाद.

व्याख्यानाला मला वाटलं होतं त्यापेक्षा जास्त लोक आले. कंदील लावायच्या आधीची वेळ, दारं उघडी. मी पॉम्पे सांगितलं, तंबोरा सांगितला, क्राकाटोआ फुटल्याचा आवाज समुद्रापलीकडं हजारो मैलांवर कसा ऐकू आला ते सांगितलं. मुरगूडचा गुंडू नावाचा एक पेन्शनर शिपाई मधेच उठला आणि म्हणाला, म्या लढाईत इटलीत हुतो, व्हेसुव्हिअसचा धूर डोळ्यानं बगितलाय. लोकांनी त्याच्याकडे वळून पाहिलं आणि मला जरा बरं वाटलं. मग मी सेंट पियरवर आलो. एकोणीसशे दोन साल, मार्टिनिक बेट. गावाच्या डोक्यावर पेले नावाचा डोंगर. धूर निघतोय, रस्त्यात राख साचतेय, पाखरं मरून पडताहेत. आणि लोक काय करताहेत? खेड्यातली माणसं गावात येताहेत, कारण गावात जास्त माणसं आहेत, गावात आपल्याला काही होणार नाही. शहाण्यांची समिती बसली. समिती म्हणाली, धोका नाही. निवडणूक तोंडावर आली होती, तेव्हा उगाच पळापळ नको. आठ मेच्या सकाळी डोंगराची कूस फुटली आणि चार-दोन मिनिटांत अठ्ठावीस हजार माणसं गेली. तळघरात कोंडलेला एक कैदी वाचला. एवढं बोलून मी पाणी प्यायला थांबलो आणि मला मागच्या भिंतीला टेकून उभा असलेला कृष्णात दिसला. डोक्याला पटका, हाताची घडी. तो वाचनालयात कधी आलेला मी पाहिला नव्हता. पुढचं माझं बोलणं लवकर आटोपलं. शेवटी कोणी काही विचारणार का म्हणून बाबासोनं विचारलं तर मागून कृष्णाताचा आवाज आला, की त्या डोंगराच्या पायथ्याला आता कोन ऱ्हातं? मी म्हटलं, माणसं राहतात. पुन्हा घरं बांधली त्यांनी. राखेनं जमीन चांगली होते, पीक येतं. लोक हसले. कृष्णात हसला नाही.

बाहेर पडलो तर तो दाराशी थांबलेला. घर एकाच दिशेला, टाळता येईना. दिवेलागण झाली होती. आम्ही गल्लीच्या दिशेनं चालायला लागलो. मग तो म्हणाला, तुमची ती गावातली मानसं पळाली का न्हाईत, आधी दिसत हुतं की. मी म्हटलं, त्यांना वाटलं, आपल्याला काही होणार नाही. तो म्हणाला, "आन तुमाला रोज वाटतंय, आज हुनार." मी चालत राहिलो. त्यानं विचारलं, पोरगी कधी येणार. मी म्हटलं, बघू, परीक्षा झाल्यावर. तो तिथंच रस्त्यात थांबला. मागून येणारी एक सायकल घंटा वाजवत बाजूनं गेली. "माझ्यापाय आनत न्हाईसा," तो म्हणाला. "व्हय का न्हाय, एवढंच सांगा."

 नाही म्हणालो असतो तर ते खोटं ठरलं असतं आणि हो म्हणायला जीभ वळेना. मी म्हटलं, "कृष्णात, त्या दिवशी डब्यात काय होतं?" इतकी वर्षं मी हा प्रश्न मनात किती तऱ्हांनी विचारला होता, कधी रागानं, कधी हसत हसत, कधी सहज दुधाचं भांडं पुढं करताना. प्रत्यक्षात तो असा बाहेर आला, फाटक्या आवाजात, विड्याच्या दुकानासमोर. कृष्णातानं माझ्याकडं पाहिलं आणि त्याचं ते अहो-जाहो सगळं गळून पडलं.

"पानी हुतं, नरसू. माझ्या गोठ्याच्या छपरावर मारलं. तुझ्या घरावर तांब्याभरबी न्हाय मारलं. तुझं पेटल्यालंच हुतं. तुझ्यावर मारत बसलो असतो तर माझ्या म्हशी दाव्याला भाजल्या असत्या, आन मी बामनाचं घर इझवतोय म्हनून त्यांनी मलाबी आत टाकला असता." तो थांबला. मग हळू म्हणाला, "मी भ्यालतो. तीन वर्सं वाट बगतोय, आज इचारशील, उद्या इचारशील. तू इचारलं न्हाईस."

 मी त्याचा हात धरला. तो घट्ट, शेणामातीचा, ओळखीचा हात होता आणि मला रडू आलं. भर रस्त्यात. विड्याच्या दुकानातला माणूस बघत होता, बघू दे म्हटलं. घरापर्यंत आम्ही म्हशींबद्दल बोललो. त्यानं रॉकेल ओतलं नव्हतं. त्यानं मला वाचवलंही नव्हतं. मी त्याच्या जागी असतो तर काय केलं असतं हे मला पक्कं ठाऊक होतं : मी दार लावून घेतलं असतं, गोठासुद्धा जळू दिला असता. घरात शिरलो आणि विमलाला म्हटलं, नंदूला आण. यज्ञेश्वराला कळव. ती बघतच राहिली. काय झालं म्हणाली. मी तिला सगळं सांगितलं. ती म्हणाली, एवढंच ना, आणि चुलीपुढं बसून तोंडावर पदर घेतला. त्या दिवशी मी पोटभर जेवलो.

पुढचे दिवस बरे गेले म्हणायला हवं. मी बाजारातून नंदूसाठी लोखंडी कॉट आणली, खिडकीला पडदा केला. कृष्णात सकाळी दूध घालताना मला नरसू म्हणायचा आणि तानाबाई आतून त्याला दटावायची, अवं मास्तर हायती त्ये. सगळं माहीत झालं होतं. न कळलेलं असं काही राहिलं नव्हतं. तरी एप्रिलचं ऊन तापायला लागलं तशी तळपायाची ती ऊब परत आली. मी आठवीला तीन रकाने आखले आणि माझ्या हातानं चौथी रेघ ओढली. पोरांनी विचारलं, सर, ह्यात काय लिहायचं? मी म्हटलं, काही लिहू नका. मी ती पुसली. खडूची पांढरी खूण फळ्यावर राहिली. बाबासोला मी म्हटलं, मला कृष्णाताबद्दल आता काहीही वाटत नाही, खरंच. तो म्हणाला, मग सांगतोस कशाला? मी त्यावर रागावलो. रात्री झोप लागत होती, भूक लागत होती, आणि तरीही दुपारी वर्गात शिकवताना मधेच माझा श्वास कुठंतरी अडकायचा, एखादं वाक्य अर्धं राहायचं. वाटायचं, काहीतरी विसरलोय. दार लावायचं, दिवा मालवायचा, असं काहीतरी. मग ते जायचं.

नंदिनी सकाळच्या गाडीनं आली. मी स्टेशनवर घ्यायला गेलो होतो. डब्यातून उतरली ती आधी ओळखू आली नाही. उंच, दोन वेण्या, हातात पिशवी. तिनं वाकून नमस्कार केला. तिला सोडायला आलेला यज्ञेश्वर म्हणाला, काय, झाली की नाही मोठी? टांग्यात ती माझ्या शेजारी बसली आणि सगळं ओळखत चालली. हे दुकान होतं, हे नव्हतं. तिची भाषा पुण्याची झाली होती, आणि ती मधूनच माझ्या खांद्याला डोकं टेकत होती. मला इतकं सुख झालं की काही सुचेना. टांगा गल्लीत वळला. आमच्या नव्या दाराशी विमला उभी होती. उंबऱ्याच्या अलीकडं तानाबाई होती, एका हातात पाण्याचा तांब्या आणि दुसऱ्यात भाकरीचा तुकडा. लांबून आलेल्या पोरीवरून भाकरतुकडा ओवाळून टाकायचा आणि मग तिला आत घ्यायचं. विमलानं तिला तसं सांगून ठेवलं असणार. कृष्णात गोठ्याच्या दारात धोतर खोचून उभा होता. चार घरच्या बायका पायरीवर आलेल्या. टांगा थांबला, आम्ही उतरलो.

तानाबाई म्हणाली, "ये माजी बाय, किती वाळलीस ग," आणि हात वर करून पुढं आली. नंदिनी हसली. तिनं ओळखलं होतं. ती एक पाऊल पुढं गेली, आणि माझ्या हातानं तिचं मनगट धरून तिला मागं खेचलं. मी खेचलं असं मला म्हणता येत नाही. मी हसत होतो. माझ्या गालांवर ते हसू मला लागत होतं. खेचलं ते इतक्या जोरानं की पोर माझ्या अंगावर आदळली आणि तिची पिशवी रस्त्यात पडली. तानाबाईचा भाकरतुकड्याचा हात तसाच वर राहिला.  टांगेवाल्यानं तोंड दुसरीकडे केलं. कृष्णात माझ्याकडं बघत होता. रागानं नव्हे, नुसता बघत होता, मग तो वळून गोठ्यात गेला. तानाबाईनं हात खाली घेतला. तांब्या आणि तुकडा तिनं आमच्या कट्ट्यावर ठेवला. "ऱ्हाऊ द्या, मास्तर," ती म्हणाली. "पोरीला आत घ्या. उनात हुबी हाय." तिच्या दाराची कडी आतून लागलेली ऐकू आली. विमला उंबऱ्यावर उभी होती आणि ती माझ्याकडे बघत नव्हती. ती माझ्या हाताकडे बघत होती.

"बाबा, दुखतंय. सोडा ना," नंदिनी म्हणाली.

सोडतो, म्हणालो. तिनं दुसऱ्या हातानं माझी बोटं एकेक करून उघडायला सुरुवात केली, आणि तिनं एक उघडलं की मी दुसरं आवळत होतो.